न मागता बदललेला सेल

जूनचा पहिला आठवडा सरला की माझ्या दुकानात मशीनं यायला लागतात. कशाकशात गुंडाळून येतात. कुणी टॉवेलात, कुणी जुन्या लुगड्यात. परवा एक बाळाच्या दुपट्यात आलं, वर टोपडंही होतं. आणणारा तांडेल, होडीचा म्होरक्या, मान खाली घालून म्हणाला, "घरच्यांनी बांधलंय, मी नाय." मासेमारीची बंदी लागलेली असते, होड्या काठाला ओढलेल्या असतात, आणि त्यांच्यावरची यंत्रं दोन महिन्यांसाठी जमिनीवर येतात. पाण्याखाली मासळीचा थवा दाखवणारी, होडी समुद्रात नेमकी कुठं आहे ते सांगणारी, एका होडीचं बोलणं दुसरीला पोचवणारी. मी ती उघडते, धुते, वाळवते, तुटलंय तिथं जोडते. नारळी पौर्णिमेआधी ती पुन्हा होडीवर चढायला हवीत, त्यामुळे या दोन महिन्यांत आमच्या घरात कुणी आजारी पडायचं नाही, असा माझा नियम आहे.

दिवाळे गावाच्या तोंडाशी माझं दुकान. बेलापूरच्या सरकारी कचेऱ्या इथून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. तिथल्या कारकुनांना हे दुकान ठाऊक नाही आणि इथल्या लोकांना त्या कचेऱ्या नको तितक्या ठाऊक आहेत.

मशीनचं झाकण काढलं की आधी वास येतो. डिझेलचा, सुकलेल्या मिठाचा, आणि तांब्यावर चढलेल्या हिरव्या थराचा एक आंबूस वास, देवाची भांडी बरेच दिवस घासली नाहीत की येतो तसा. मग मी सर्किटचा बोर्ड सरळ गोड्या पाण्याखाली धरते. नवीन गिऱ्हाईक असेल तर ते उठून उभंच राहतं. पाण्यानं बिघडलेली वस्तू ही बाई पाण्यानंच धुतेय, हे त्याच्या पचनी पडत नाही. पण मीठ पाण्याशिवाय कशालाच हटत नाही, हे मला कुठल्या कॉलेजात शिकावं लागलं नाही. आज जुईनगर आहे तिथं माझं माहेर होतं, तेव्हा त्याला नगर म्हणत नसत. भाताची खाचरं होती आणि पलीकडे मिठागरं. बाप दिवसभर मिठात उभा राहायचा, आणि संध्याकाळी आई त्याच्या तळपायांच्या भेगा गोड्या पाण्यानं धुऊन त्यात तेल भरायची. मी आजही तेच करते, फक्त तेलाच्या जागी स्पिरिट आणि वरून लाखेचा हात.

माझी नात मुक्ता इंजिनिअरिंगला आहे. सुट्टीत दुकानात येऊन बसते, माझे फोटो काढते आणि कुठंकुठं टाकते. काल तिनं विचारलं, "आजी, होडीवरचं पहिलं मशीन कुठलं दुरुस्त केलंस?"

हा प्रश्न मला पुष्कळांनी विचारलाय. मी दर वेळी दुसऱ्या मशीनपासून सांगायला सुरुवात करते. काल मात्र पहिलंच आठवलं. दुपट्यातलं ते मशीन समोर होतं म्हणून असेल, किंवा आता माझं वय झालं म्हणून असेल. वय झालं की माणूस खरं बोलायला लागतो. लपवून फायदा होण्याइतका वेळ उरलेला नसतो.

तेव्हाची मी म्हणजे एक प्रकरणच होतं. आज ती बाई नोकरी मागायला आली तर मी तिला दारातूनच परत पाठवीन. सदतीस वर्षांची, दोन मुलांची आई, आणि दुकानात डॉक्टरीणबाईसारखा पांढरा कोट घालून बसायची. पाटीवर आपल्या नावाखाली तिनं पेंटरकडून 'तज्ज्ञ' असं लिहून घेतलं होतं. आमच्या ह्यांनी ती पाटी पाहिली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि एवढंच म्हणाले, "पेंटरनं स्वतःहून लिहिलं का?" घरी मी आगरी बोलायचे, आईसारखी. दुकानाचं शटर वर गेलं की माझी भाषा इस्त्री केल्यासारखी कडक व्हायची. कोळीवाड्यातली बाई रेडिओ घेऊन आली की मी तिला विचारायचे, "यात नेमका काय दोष आढळतो आपल्याला?" ती बिचारी आपल्या पाठीमागे कोण उभं आहे ते वळून बघायची.

हा तोरा आला होता कष्टातूनच, ते तिच्या बाजूनं सांगायला हवं. आयटीआयच्या वर्गात ती एकटी मुलगी. पहिल्या दिवशी सर म्हणाले, शिवणकाम वरच्या मजल्यावर. मग रबाळ्याच्या एका कारखान्यात चौदा वर्षं भिंगाखाली सोल्डरिंग. समोरून हिरवे बोर्ड येत राहायचे, एकासारखा एक, आणि आमच्या ओळीला एकच नियम होता: संशय आला की बदल. एखादा भाग जरा काळवंडलेला दिसला, काढ, नवा टाक. विचारत बसू नकोस. मी त्या ओळीतली सगळ्यांत चोख बाई होते. मग कारखाना इथून हलला आणि आम्ही मागं राहिलो. मी टीव्ही दुरुस्त करायला लागले, आणि ह्यांच्या ऑफिसातल्या शिपायानं दिवाळ्यातला हा गाळा दाखवला तेव्हा इथं आले. टीव्ही सोपा असतो. त्याला लक्षात ठेवण्यासारखं काही नसतं.

अशाच बंदीच्या दिवसांत हिराजी तांडेल दुकानात आला. माझ्याच वयाचा, उन्हानं रापलेला, बोलायला कंजूष. त्याच्या हातात रुमालात बांधलेला एक करडा डबा होता. होडीवरचं जीपीएस मशीन. त्या वेळी गावात अशी मोजकीच मशीनं होती.

"परदा अंधुक झालाय," तो म्हणाला. "शहरातला मेकॅनिक बोलतो, नवीन घ्या. तुज्यान होईल काय, ताय?"

"ठेवून जा. गुरुवारी या," मी म्हणाले. असं मशीन मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. हे सांगायला तज्ज्ञबाईची जीभ वळली नाही.

तो रेंगाळला. डब्यावर हात ठेवून म्हणाला, "आतलं जपून."

आत काय आहे हे मी विचारलं नाही. सर्किट आहे, अजून काय असणार.

पडद्याचा दोष मला तासाभरात सापडला. एका पट्टीवर मीठ चढलं होतं. ते साफ केलं, धुतलं, वाळवलं. खरं म्हणजे काम तिथं संपलं होतं. मशीन बंद करून द्यायचं, चहा प्यायचा. पण बोर्डाच्या कोपऱ्यात एक बटणाएवढा सेल होता, त्याच्या कडेला जरासा हिरवा डाग. तो कशासाठी आहे हे मला ठाऊक नव्हतं. संशय मात्र आला. आणि कारखान्यातली ती चोख बाई माझ्या आत ताडकन उठून उभी राहिली. मी सेल काढला, जागा चमकवली, नवा बसवला. सोल्डरिंगचा थेंब इतका गोल बसला होता की ह्यांना दाखवायला घरी न्यावा असं वाटलं.

गुरुवारी हिराजी आला. मी पांढऱ्या कोटात. मशीन सुरू केलं, पडदा लख्ख. तो हसला, पहिल्यांदाच. मग त्यानं एक बटण दाबलं. पुन्हा दाबलं. दुसरं दाबलं, परत पहिल्यावर आला. त्याचा अंगठा त्या बटणावर तसाच राहिला.

"पॉइंट कुठं हायत?"

"कसले पॉइंट?"

"माजे." मग पडद्याकडे बघत, "बापसाचे."

तेव्हा मला कळलं, थोडं त्याच्या तोंडून, थोडं त्याच्या तोंडाकडे बघून. समुद्रात जाळं कुठं टाकायचं, कुठं अजिबात टाकायचं नाही, कुठं खाली खडक आहे, कुठल्या महिन्यात कुठल्या जागी पापलेट येतं, या प्रत्येक जागेवर होडी नेऊन बटण दाबलं की मशीन त्या जागेचे आकडे धरून ठेवतं. हिराजीच्या मशीनमध्ये अशा दीड-दोनशे जागा होत्या. निम्म्या त्याच्या बापानं, होडीवर त्याच्या शेजारी बसून, डोंगरांकडे बघत सांगितलेल्या. "हां, दाब आता." बाप आदल्या वर्षी वारला होता. आणि हे सगळं कुठं लिहून ठेवलेलं नव्हतं, कारण कोणताही तांडेल आपल्या जागा लिहून ठेवत नाही. लिहिलं की कुणीतरी वाचतं. सख्ख्या भावालाही ते आकडे सांगत नाहीत. मशीन बंद असताना ती आठवण जिवंत ठेवायचं काम तो बटणाएवढा सेल करत होता. जुना काढल्यावर नवा बसेपर्यंत जी दोन-चार मिनिटं गेली, तेवढ्यात सगळं पुसलं गेलं.

"मी फक्त सेल बदलला," मी म्हणाले.

"तुला कोनी सांगितला बदलायला?"

कुणी नव्हतं सांगितलं. माझी इस्त्रीची भाषा तिथंच गळून पडली. "मना म्हाईत नव्हतं रं दादा," एवढंच माझ्या तोंडून आलं, आगरीत, आईच्या आवाजात.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं मशीन रुमालात बांधलं, नीट, गाठ दोनदा मारून, आणि गेला. त्या आठवड्यात दुकानात कुणी आलं नाही. टीव्हीसुद्धा आला नाही. कोळीवाडा लहान असतो. मी पांढरा कोट खुंटीला टांगला आणि बसून राहिले. रबाळ्याच्या ओळीत बोर्ड नवे यायचे. त्यांच्यात अजून कुणी काही ठेवलेलं नसायचं, म्हणून संशय आला की बदलणं सोपं होतं. दुरुस्तीला येणारी वस्तू तशी नसते, ती कुणाची तरी असते. एवढी साधी गोष्ट मला चौदा वर्षं भिंगाखाली बघूनही दिसली नव्हती.

दहाव्या दिवशी मीच त्यांच्या घरी गेले. माफी मागायची, एवढंच ठरवलं होतं. ओटीवर हिराजीची आई बसली होती, मांडीवर जाळं, हातात सुई. हिराजी समोर, त्याच्याही मांडीवर जाळ्याचं दुसरं टोक. बंदीत घरोघर हेच चालू असतं. मला पाहून तो उठून आत गेला.

"बस गो," म्हातारी म्हणाली. "तूच काय ती, माज्या घरवाल्याला पुसून टाकनारी?"

मी रडायला लागले. ती तिरकसपणे बघत राहिली.

"रडतंस कनाला? तो जित्ता असताना त्या डब्याला रोज शिव्या घालायचा. बोलायचा, या डबड्याला डोंगर दिसत नाय आनि माज्या पोराला आता डबड्याबिगर काय दिसत नाय." मग आतल्या बाजूला तोंड करून मोठ्यानं, "ऐकतंस ना रं?"

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला.

त्या ओटीवर जे झालं ते मी नंतर तुकड्यातुकड्यांनी ऐकलं. म्हातारा पन्नास वर्षं दर बंदीत बायकोसमोर बसून जाळी विणत होता, आणि विणताना बोलायचं काय, तर समुद्रच. देवळाचा कळस उरणच्या डोंगराच्या खाचेत बसला की तिथं घोळ मासा. घारापुरी बेटाची शेपटी मागं झाकली गेली की थांब, खाली खडक. भावाला जे सांगायचं नसतं ते बायकोला सांगायला हरकत नव्हती, ती काय होडी घेऊन जाणार होती थोडीच. तिला ते सगळं पाठ होतं. ती कधी समुद्रात गेली नव्हती. तिनं त्या जागा कधी पाहिल्या नव्हत्या. पण त्या पावसाळ्यात सुई चालवता चालवता तिनं एकेक जागा पोराला परत सांगितली. आधी तो रागानं ऐकायचा, मग विचारायला लागला.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या, आणि मी हट्ट धरला की मी बरोबर येणार. मशीन सगळं नीट धरून ठेवतंय ना ते मला बघायचंय. हिराजी म्हणाला, "ताय, बटन दाबाया बापूस मना शिकवून गेलाय." तरी मी ऐकेना. होडीवर बाईमाणूस कसं न्यायचं यावर थोडी कुजबुज झाली. म्हातारी म्हणाली, "ने तिला. वकंल आनि गप बसंल."

अगदी तसंच झालं. माझ्यात आगऱ्याचं रक्त आहे, मला पाण्याची भीती नाही, असं काठावर मी सगळ्यांना ऐकवलं होतं. घारापुरी मागं पडायच्या आत मी होडीच्या कडेला ओणवी झाले, आणि पुढचा सगळा प्रवास मी पाणी पाहिलं ते फार जवळून. हिराजी डोंगराकडे बघायचा, सुकाणू जरासं वळवायचा, बटण दाबायचा. मध्येच विचारायचा, "तज्ज्ञबाय, जित्ती हाय ना?" त्यांची गुपितं माझ्यापासून लपवायची कुणाला गरजच पडली नाही. मी त्या दिवशी समुद्राचा एकही कोपरा ओळखू शकले नसते.

पुष्कळशा जागा मिळाल्या. एक राहिली. बापाची सगळ्यांत जुनी. म्हातारीनं सांगितलं होतं, दोन माडांच्या मधून डोंगराचा कान दिसला की तिथं, खाली बुडलेला पडाव, मालाची जुनी होडी. हिराजीनं इंजिन बंद केलं. होडी डुलत राहिली. मी मान वर केली तेव्हा तो काठाकडे बघत उभा होता. माड नव्हते. डोंगराचा कान खडीच्या खाणीत गेला होता, आणि उरल्यासुरल्याच्या पुढं नव्या बिल्डिंगी उभ्या होत्या. आमची मिठागरं कुठं होती ते आता मलाही दाखवता येत नाही. आता त्याला काय सांगणार.

"नाय भेटत," तो म्हणाला, आणि इंजिन चालू केलं.

पुढचं वर्ष दुकान जेमतेम चाललं. मी वाट बघत होते ती जूनची. बंदी लागेल, मशीनं जमिनीवर येतील, आणि मला कळेल की या गावात मला जागा आहे की नाही. जून लागला. पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. समोरून मशीन घेऊन माणसं जायची, बस पकडून शहराकडे. मी पाटीवरचं 'तज्ज्ञ' रंगानं झाकलं. ह्यांनी ते पाहिलं आणि या वेळी चष्माही पुसला नाही. त्याचं मला जास्त लागलं.

तिसऱ्या आठवड्यात हिराजी आला. टेबलावर मशीन ठेवलं, त्याच रुमालात. स्टूल ओढून बसला.

"परदा ठीक हाय," तो म्हणाला. "मंगलवारी बापसाचा पॉइंट भेटला. बंदीच्या आधीचा मंगलवार."

"डोंगर तर दिसत नाही. कसा?"

"जालं अडकलं. खाली बुडलेला जुना पडाव हाय, त्याच्याभोवती मासली. ओढतोय ओढतोय, येत नाय. फाटलं आख्खं जालं. तवा कललं." तो हसायला लागला, आवाज न करता, खांदे हलवत. "म्हाताऱ्यानं धरलं. बोलला असंल, आता सापडलास."

जाळं फाटलं ते माझ्यामुळे. मी काही बोलणार, तर त्यानं हात वर केला.

"सेल बदल."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"वरचेवर बदलाया लागतो बोलतात. आज ना उद्या संपनारच. मंग तुज्याच हातनं बदल. आता तुला म्हाईत हाय काय जातं त्याच्यान."

मी त्याच्यापुढं शाळेची वही ठेवली आणि पेन. आधी सगळे आकडे उतरवून घे, म्हटलं, तुझ्या हातानं. वही तुझ्याकडे ठेव. नवा सेल बसला की आकडे परत भर, तेही तुझ्याच हातानं. तोवर मी भिंतीकडे तोंड करून बसते. आज माझ्याकडे येणारा प्रत्येक तांडेल हे करतो. नव्या मशीनांना त्याची गरज नाही, मुक्ता मला दर आठवड्याला सांगते, तरी मी करायला लावते. त्या दिवशी मात्र मला हे आधी सुचलेलंच नव्हतं. तोंडातून निघालं आणि तोंडातून निघालं म्हणून करावं लागलं.

मी स्टूल वळवून बसले. समोर भिंत, तिच्यावर गेल्या वर्षीचं कॅलेंडर. मागं पेनाचा आवाज, फार हळू. त्याला लिहायची सवय नव्हती. आकडे एकेक करून कोरल्यासारखे काढत होता. मध्ये चहा आला, मी न वळता हात मागं करून त्याच्याकडे कप सरकवला, तो सांडला, वही वाचली. दुपार झाली. मग पेन थांबलं. बराच वेळ थांबलं.

"ताय."

"बघत नाहीये मी."

"त्ये नाय. ह्यो शेवटचा आकडा. तीन हाय का आठ? बारीक हाय, दिसत नाय." चाळिशी लागली होती त्याला. चष्मा घे म्हटलं तर म्हातारा म्हणतील म्हणून घेत नव्हता.

"कुठला पॉइंट आहे?"

"बापसाचा."

मी वळले नाही. तो म्हणाला, "ये, बग. चुकाया नको."

मी उठले, माझा चष्मा नाकावर चढवला आणि पडद्यावर वाकले. डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत सगळा आकडा वाचला, शेवटचा अंक दोनदा, आणि त्याला सांगितला. त्यानं तो लिहिला.

काल मुक्तानं विचारलं, "मग काय होता तो अंक? तीन की आठ?"

मी तिला दुपट्यातलं मशीन धुवायला दिलं.